दोन हात

सेतूबालच्या गोदीत बाप होड्यांची बुडं रंगवायचा.
तांब्याचा रंग, तांबडा.
नखांच्या कडांतून तो रविवारीही निघत नसे.
आई म्हणायची, कुस्तोदियो,
तू कापलेल्या पावाला नाण्यांची चव येते.

बुडाला काही चिकटू नये, एवढंच त्या रंगाचं काम.
शेवाळ नको, शिंपलं नको,
होडी हलकी, डिझेल कमी, सार्डिन वेळेवर बाजारात.
यात वाईट काय?

आता रंग बारीक झालाय.
इतका, की कण हा शब्दही त्याला ढगळ व्हावा.
डब्यावर लिहिलंय : निम्मा लागतो, दुप्पट टिकतो.
कुठे टिकतो, ते मी बघते.
तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत
खेकड्याची पाठ उचकटते.
डावीकडे नऊ कल्ले, उजवीकडे नऊ.
धडधाकट असले तर वहीच्या पानांसारखे सुटे,
मधून सादो नदी वाहून जावी.

टाकी क्रमांक चौदा. सहावा दिवस.
पानं एकमेकांना चिकटलेली, कडा फुगलेल्या,
काळे डाग,
कुणी विझती सिगरेट टेकवून गेल्यासारखे.
मरायच्या आधी तो दगडावर चढून बसला होता
पाण्याच्या वर, तोंडाशी फेस.
पाण्यातला जीव, आणि पाणीच नको झालेलं.

गंमत म्हणजे त्याच्या रक्तात तांबंच असतं.
आपलं लोखंडाचं, म्हणून लाल,
त्याचं तांब्याचं, म्हणून निळसर.
त्याच्यावरच तर तो श्वास घेतो.
हे मी वहीत लिहीत नाही.
वहीत रकाने आहेत : लांबी, वजन, सूज, एक ते तीन.

काल संध्याकाळी बापाला सांगितलं.
धक्क्यावर बसला होता, गळ न टाकता.
ओहोटी लागलेली, चिखलात होड्या कलंडलेल्या,
त्यांची तांबडी बुडं उघडी.
बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला,
"एरमेलिंदा, मालक पैसे एका हाताचे द्यायचे.
मी दोन हात मारायचो.
तेवढंच त्यांचं भलं."

आणि तळवे उलटे करून बघत राहिला,
जणू मोजत होता,
दोनच आहेत ना.