गैरसोयीबद्दल क्षमस्व

पाचशेची नोट होती.
ठेवली म्हणून आठवत होतं, तिथं नव्हती.
तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलेली बाई मी,
संध्याकाळी शिल्लक जुळल्याशिवाय
घरी जायचं नसतं, हे अंगात मुरलेलं.
दोनदा शोधलं. डबे, फ्रीजवरची टोपली, गादीखाली.
मग मनानंच बेरीज केली
आणि खाली एक नाव लिहिलं:
शेवंता.

म्हणाले काहीच नाही. सुशिक्षित आहोत आम्ही.
अकरा वर्षं कपाटालाच लटकणारी किल्ली
तेवढी कमरेला आली.
ती आतली खोली झाडायला गेली
की मला नेमकं तिथंच काहीतरी शोधायचं असायचं.
चहा दिला रोजच्यासारखा,
बिस्किटं डब्यातच राहिली.

तिनंही विचारलं नाही.
रोज निघताना दारातून म्हणायची, "येते हां, ताई."
त्या गुरुवारी म्हणाली, "जाते."
एक अक्षर बदललं, बस.
आमच्यात निघालेल्या माणसानं येतो म्हणायचं असतं,
हे तिलाही ठाऊक, मलाही.
मी टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारी जिन्याखालचा लालताप्रसाद वर आला,
हातावर कपड्यांचा गठ्ठा, झोपलेल्या मुलासारखा.
गठ्ठ्यावर कुणाच्या तरी लग्नाचं जुनं पाकीट,
त्यावर कोळशानं आमची बिल्डिंग, आमचा नंबर: ७३/१२.
"वहिनी, साहेबांच्या पँटीत होती. चोरखिशात."
नोटेलाही त्यानं इस्त्री केली होती.
मी वीस रुपये पुढं केले
तर मागं सरकला, जणू मीच तापलेली इस्त्री धरलीय.
"याचे कसले? कपड्यांचे अठ्ठेचाळीस झाले."
पन्नास घेतले, दोन परत दिले.

टिळकनगरच्या नाक्यावर रस्ता खोदून आठ महिने झाले.
पत्र्यावर लिहिलंय, गैरसोयीबद्दल क्षमस्व.
पत्रा वाकलाय, कडेला पानाची पिंक,
तरी बिचारा खड्ड्याच्या तोंडाशी उभा राहून
येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतोच आहे.
त्या रात्री मी शब्द शोधत बसले.
सॉरी फार लहान, बसमध्ये पाय लागला की म्हणतो तेवढं.
माफ कर, नाटकातलं.
क्षमस्व तर पत्र्याचं.
चुकलं माझं, हे एकेकाळी आईला म्हणायचे,
तेही मार पडल्यावर.

सोमवारी किल्ली सकाळीच कपाटाला लावून ठेवली,
तिच्या नजरेत यावी अशी.
(हाही एक भित्रेपणा.)
चहाबरोबर चार बिस्किटं.
तिनं दोन खाल्ली, दोन बशीत ठेवून दिली.
म्हटलं, "शेवंता, ती पाचशेची नोट सापडली."
"कुठली नोट?"
खरंच की. नोटेचं मी कधी बोललेच नव्हते.
म्हणजे आता सापडल्याचं सांगायचं
तर हरवली तेव्हाचंही सांगायला हवं.
सांगितलं. ओट्याला धरून, तिच्या पाठीकडं बघत.
तिनं मध्येच नळ बंद केला,
पाणी वाया जाऊ नये म्हणून
की नीट ऐकू यावं म्हणून, कळलं नाही.
"वाटलंच मला," म्हणाली,
"कशात तरी माझं नाव निघालंय."
आणि नळ सोडला.

दुपारी पदराला हात पुसत दारात आली.
चपलेचा अंगठा सुटला होता, तो बसवत राहिली.
येते म्हणाली नाही. जाते म्हणाली नाही.
मीच म्हटलं, "ये हं."
अकरा वर्षांत कधी म्हटलं नव्हतं,
तिच्या 'येते'वर नुसती मान हलवायचे,
पेपरातून डोळे न काढता.
ती उतरत गेली. खालच्या वळणावर
लालताप्रसादशी काही बोलली, हसलीही बहुधा.
मी दार लगेच लावलं नाही.
ओट्यावर बशीत ती दोन बिस्किटं,
मऊ पडायला लागलेली.