जिंतूर गाडी

फलकावर सव्वासहाचे पावणेआठ झाले,
मग नुसतंच 'विलंब'.
हैदराबादहून पुढं मस्कतचं विमान
माझ्यासाठी थांबणार नाही,
हे काउंटरवरच्या पोरीनं
इतक्या गोड आवाजात सांगितलं
की मीच तिला म्हणाले, असू द्या.

चिकलठाण्याच्या काचेपलीकडे अण्णा.
आत येता येत नाही, परत जाववत नाही.
दर दहा मिनिटांनी फोन :
'उडालं का गं?'

शेजारी खिल्लारे सर,
लेकीच्या बाळंतपणाला फ्रँकफर्टला निघालेले,
त्यांचंही पुढचं चुकलेलं.
मस्कतला सोडायचं म्हणून बांधलेलं
धपाट्यांचं फडकं मी इथंच सोडलं.
ते म्हणाले, जवस जरा जास्त भाजलंय.
दोन खाल्ले मात्र.

उद्या दुपारी वॉर्डात ड्यूटी होती.
उभं राहील कुणीतरी माझ्या जागी.
पण नऊची जिंतूर गाडी,
ती तरी कुणाची चुकू नये.

'उडालं, अण्णा,' मी म्हणाले.
'हां, दिसलं मला,' ते म्हणाले,
'लाल दिवा लुकलुकत गेला बघ,
पार दौलताबादच्या अंगानं.'

पार्किंगच्या खांबाला टेकून,
काचेकडे तोंड करून,
माझ्याकडंच बघत.