शकेल आणि राहील

चौतीस वर्षं इतवारीतल्या छापखान्यात
मी लोकांच्या लग्नपत्रिका तपासल्या,
पतसंस्थांचे अहवाल, पंचांगं, शोकसभांची पत्रकं.
पळालेले अनुस्वार कान धरून परत आणले.
आपलंही नाव कुठं छापून यावं, असं कधी वाटलं नाही.

आता आलंय. पान एक, सहकर्जदार:
श्रीमती कुमूदिनी वामन ढाकुलकर.
म-चा उकार दीर्घ. चूक.

मे महिना. कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास,
टेबलावर सत्तेचाळीस पानं,
उडू नयेत म्हणून वर अडकित्ता.
बेसा रोडवर तिसरा मजला, दोन खोल्या, एक गॅलरी;
लेकीचा हट्ट, जावयाचा पगार
आणि ह्यांच्या मागं मला मिळणारी पेन्शन.

"वाचत काय बसलीस आई, सगळेच सही करतात."
जावई काही बोलत नाही.
स्कूटरची किल्ली बोटात फिरवत बसतो.

मी लाल पेन काढलं. सवय.

कलम नऊ: कंपनी आपल्या विवेकानुसार
पूर्वसूचनेविना व्याजदर वाढवू शकेल.
नऊ-क: अशी वाढ कर्जदारास बंधनकारक राहील.
चौदा: कंपनी संपूर्ण कर्ज केव्हाही परत मागू शकेल.
चौदा-ब: होणाऱ्या खर्चास कर्जदार जबाबदार राहील.
मी मोजले.
शकेल, एकतीस वेळा. प्रत्येक वेळी कर्ता कंपनी.
राहील, अठ्ठावन्न. ते सगळे आम्ही.
हप्त्याआधी क्रियापदांची वाटणी होऊन गेली होती.

मग पान त्रेचाळीसवर ते कर्मणी वाक्य:
'कर्जदाराने सर्व अटी वाचल्या व समजून घेतल्या आहेत
असे मानण्यात येईल.'
कोणाकडून?
कर्ता गाळलेल्या वाक्यापुढं
मी आयुष्यभर समासात प्रश्नचिन्ह करत आले.
इथंही केलं. जरा मोठंच झालं.

आणि तळाशी, मुंगीच्या टाइपात:
मराठी मजकूर केवळ माहितीसाठी,
तफावत आढळल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य.
म्हणजे दोन दुपारी मी जे वाचलं
ते वाचलंच नव्हतं.

सदरच्या ऑफिसात काचेमागं चिंचखेडे नावाचा मुलगा.
"काकू, हे काऊन रंगवून आणलं?
सात वर्षांत कोणी असं वाचून आलं नाही इथं."
"तुमचं स्वतःचं घर?"
"आहे ना. इथलंच लोन. स्टाफचा रेट."
"कलम नऊ वाचलं होतं?"
तो एसीच्या पट्ट्यांकडं पाहत राहिला
जणू तिथं काहीतरी लिहिलेलं होतं.

मग त्यानं फोन लावला, वरच्या ऑफिसला.
तिकडची धून बराच वेळ वाजत राहिली.
लेकीनं पर्समधलं पाणी पुढं केलं, न बोलता.

विम्याचे चौऱ्याऐंशी हजार कर्जातून निघाले.
"ते ऐच्छिक असते, काकू," हे आवाज खाली करून.
व्याज बदलण्याआधी तीस दिवस पत्र येईल,
तसं वेगळ्या कागदावर शिक्क्यासह मिळालं.
चौदा मात्र जागचं हललं नाही.
"ते फॉरमॅट आहे."
हा शब्द त्यानं असा उच्चारला
जसा आमच्याकडं कोणी 'नशीब' म्हणावं.

नवी प्रत आली, मशीनमधून निघालेली, गरम.
जावयानं पेनचं टोपण उघडून माझ्यापुढं धरलं.
बाहेर चौकीदार शटरची साखळी सोडवत होता.
मी चष्मा पुसला, पहिल्या पानापासून सुरू केलं.

नावातला उकार अजून दीर्घच.
"त्यानं काय फरक पडते, काकू?"

आधी तो ऱ्हस्व करून आण, म्हटलं, बाबू.
मग बसू आपण चौदावर.