सात वाजता, पेटी

ओकुनामीच्या शाळेत आता मुलं नाहीत.
खेळाच्या हॉलमध्ये निळी ताडपत्री अंथरून
आम्ही कचेरीतले चौघे टेबलं मांडतो,
पेन्सिलींना टोकं काढतो.
मतदार एकशे सहा. नव्वदांना मी नावानं ओळखतो,
उरलेल्यांना खोकल्यावरून.

निकाल म्हणाल तर काळ्या दगडावरची रेघ.
आधी आजोबा, मग मुलगा, आता नातू.
आडनाव तेच, पोस्टरवर मान कलती करून हसणंही तेच.
समोर उभे राहतात निवृत्त बसचालक मोरिवाकी,
अनामत घालवून येतात
आणि दुसऱ्या दिवशी मुळ्याच्या वाफ्यात वाकलेले दिसतात.

तरी पहाटे पाचला फाटकाशी
घडीचं स्टूल टाकून कोणीतरी बसलेलं असतंच.
नियम असा, की पहिल्या मतदाराला
पेटी उघडून दाखवायची,
आत काही नाही ना, बघा.
मगच कुलूप.

त्या एका डोकावण्यासाठी
चियोनोबाई आणि जुने पोस्टमास्तर काजिवारा
एकोणीस निवडणुका भांडले.
एकदा ती रात्रीच थर्मास ठेवून नंबर लावून गेली,
त्यानं चहा पिऊन टाकला
आणि रिकामा थर्मास आपल्या मागे ठेवला.

तो त्या घराण्याचा पक्का माणूस.
तिचं माहेर धरणाखाली,
आणि धरण आजोबांनी आणलेलं.

मी एकदा विचारलं, बाई,
एवढ्या बर्फातून चालत येता, हरायला?
"रस्ता त्यांचा," ती म्हणाली, "पूल त्यांचा,
तू बसलायस ती खुर्चीसुद्धा.
सकाळी सातला ही पेटी तेवढी कुणाचीच नसते.
बघून घेते."

या फेब्रुवारीत काजिवारा आला नाही.
चियोनोबाई पाचपासून उभी,
फाटकापासून एक माणूस मागे.
पुढे स्टुलाएवढी जागा, तिच्यावर बर्फ साठत होतं.
मागून कुणी म्हणालं, सरका की पुढे.
ती सरकली नाही.

सात वाजले. कुणाला तरी दाखवायलाच हवी होती.
तिनं डोकावलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ.
"आहे रिकामी."
मग जरा मोठ्यानं,
शेजारी कमी ऐकणारं कुणी असावं तसं,
"रिकामी आहे हो!"

रात्री आठच्या ठोक्याला टीव्हीवर नातू निवडून आला.
एकही पेटी तोवर उघडली नव्हती.
आमची तर घाटातच होती, बर्फात अडकलेल्या गाडीत,
माझ्या गुडघ्यांना टेकून, कुलूपबंद.
इथल्या मतपत्रिकेचा कागद असा,
की कितीही घडी घाला,
आत पडला की आपला आपण उलगडतो.
ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला तेव्हा
तो बारीक आवाज ऐकू आला.
निदान मला तरी आला.