कोळीण

देझेर्तश बेटावर गोडं पाणी नाही, दुकान नाही.
फुंशालहून बोट पंधरा दिवसांनी येते,
तीही समुद्राच्या मर्जीनं.

झेफरीनुचा आजा मासे धरायचा, बापही.
त्यांच्या गावाचं नावच लांडग्यांवरून पडलेलं:
समुद्रातले लांडगे, म्हणजे सील.
गावात आता एकही सील नाही,
नाव आहे.

झेफरीनु जाळं टाकत नाही.
डोक्यावर सरकारी टोपी, गुडघ्यांना रबरी पट्टे,
तो गवत उपटतो.

बेटाच्या उत्तरेला एक खोरं. तेवढंच.
तिथे दगड उचलला की खाली ती,
तळहाताएवढी, काळी,
पायांवर पांढरे ठिपके,
कुणी चुन्याचं बोट लावत सांधे मोजल्यासारखे.
लांडगा-कोळी म्हणतात तिच्या जातीला.
जगात दुसरीकडे कुठेच नाही
हे तिला कुणी कळवलेलं नाही.
तीही जाळं विणत नाही.
ओलीत बसून राहते,
पायांना किड्याची चाहूल लागेपर्यंत.

मी झेफरीनुला सांगितलं,
आमच्याकडे तुझा आजा कोळी
आणि हीसुद्धा कोळीण.
तो हसला. "आणि मी कोण मग?"
मी पोतं पुढे धरलं.

आधी ससे होते, जहाजांतून उतरलेले.
त्यांनी खोरं खरवडून खाल्लं
म्हणून ससे संपवले.
मग गवत माजलं, कंबरेएवढं,
मुळांनी भेगा बुजवत,
दगड आणि माती यांच्यातली
बोटभर फट भरून काढत.
घर म्हणजे तेवढी फटच होती.

दुपारी एका दगडाखाली ती अंड्यांची
पांढरी पिशवी पोटामागे बांधून बसलेली.
झेफरीनु काही बोलला नाही.
दगड होता तसाच ठेवला,
शेवाळाची बाजू वर, कलही तोच,
मग पुन्हा जरासा सरकवला,
झोपलेल्या पोराचं पांघरूण नीट करावं तसा.

रात्री कागारा पक्षी तान्ह्यासारखे रडतात.
फोनवर ओफेलिया विचारते, आज किती झालं, पाई?
चार हात, तो म्हणतो. चार नसेल, साडेतीन.

मग कंदिलापाशी बसून
मोज्यांत रुतलेलं गवताचं बी
एकेक काढून सार्डिनच्या डब्यात टाकतो.
माझेही मोजे मागतो.
मी म्हणतो, मी झटकलेत.
कुठे झटकलेस,
तो विचारतो, आणि कंदील घेऊन
बाहेर जातो.