परदेशी सुपडू गेंदालाल

पारोळ्याच्या तहसीलमध्ये पंखा फिरतो, वारा येत नाही.
सांगलीहून बदलून आलेला नवा बाबू
माझ्या अर्जावर बोट ठेवून विचारतो,
"परदेशी. म्हणजे मूळचे कुठले?"

हेच आजोबांना विचारलं होतं म्हणे चावडीत.
पणजोबा मिठाच्या की तेलाच्या, कशाच्या तरी गाड्यांबरोबर आलेले,
बोरीला पाणी होतं म्हणून थांबले,
आणि कुठून, ते सांगायच्या आत हिवतापानं गेले.
लिहिणाऱ्यानं टाक बुडवला
आणि रिकामी जागा भरून टाकली: परदेशी.

आजोबांचं नाव मात्र सुपडू.
आधीची दोन जगली नाहीत म्हणून
जन्मल्याबरोबर सुपात घातलेला,
शेजारच्या धुपाबाईनं पसाभर ज्वारीला विकत घेतलेला.
याहून खानदेशी नाव दाखवा.
पाखडताना फोल उडतं, दाणा राहतो.
आम्ही कोणते, हे सुपाला कधी विचारलं नाही.

शाळेत खैरनार गुरुजी शब्द फोडायचे
भुईमुगाच्या शेंगेसारखे, दोन बोटांत.
पर म्हणजे दुसरा. पर म्हणजे पलीकडचा.
पलीकडे, पण कोणत्या बाजूला?
परवा तर मागचाही असतो, पुढचाही.
"गुरुजी, परत यांच्यातलाच का?"
"नाही रे, तो वेगळ्या घरचा. नुसता दिसतो तसा."
मला दिवसभर वाईट वाटलं होतं.

आणि खानदेश तरी कुणाचा?
कुणी म्हणतं कान्हाचा, कुणी म्हणतं खानाचा.
मातीलाच स्वतःचं नाव कुठून आलं ते ठाऊक नाही,
आणि कापूस तर दरसाल फुटतोच.

बाबू अजून थांबलाय, पेनाचं टोपण चावत.
माझ्या खांद्यावरून सोजाबाई हात पुढे करते,
"मना अंगठा उमटत नही भाऊ,
कापूस येची येची घसाई गया."
तो माझ्याकडे बघतो.
मी तिचं बोलणं त्याला समजेल असं करून सांगतो,
त्याचं तिला.

मग ती हळूच, "हाऊ कोठला शे रे?"

"परदेशी शे, माय."

ती पिशवीत चाचपत बाटली काढते.
"मंग त्याले पानी दे.
व्हट सुकाई ग्यात त्याना."