तापीच्या आधी

चौथ्या पानाला एडविन टर्न म्हणायचा,
पाचव्याला रिव्हर.
भुसावळात राहून रिव्हर कशाला,
आम्ही म्हणालो तापी.
तो हसला, उरलेल्या चार दातांनी,
आणि पुढे तेच बोलू लागला:
"हातात कमी असताना तापीपर्यंत जाऊ नको, मंदा.
काय ते वळणावरच सांगून टाक."

मे महिना, शनिवार, पंधरा बंगल्यातलं क्वार्टर.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतूनही वारा तव्यावरचा.
पैशांच्या जागी लोको शेडमधले वॉशर,
एकेकाला पन्नास. एका वॉशरचे दोन रुपये.
नेहेते गुड्स गार्ड, सुभान तडवी पॉइंट्समन,
मी पार्सल ऑफिसातली.
चौथी खुर्ची एडविनची,
तिच्यावर आता केळ्याच्या वेफर्सचा डबा.

अकरा वाजेपर्यंत माझे सव्वीस उरले होते.
एकदम नाही गेले.
दोन इथे, तीन तिथे, एक सहज, बघायला म्हणून,
जसा पगार जातो.

नेहेत्यावर मोठा आवाज चालत नाही.
तो शेवटचा डबा दिसल्याशिवाय
कुणाला झेंडी दाखवत नाही; हरेल, पण बघेल.
त्याच्यापुढे खरं असेल तेव्हाच ओरडावं.
पण त्याने एक वॉशर टाकून पानं फेकली
आणि समोर राहिला तडवी,
ड्युटीवर पॉइंट बसला की नाही
ते दोनदा हात लावून बघणारा माणूस.

खाली बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर तिर्री.
माझ्याकडे बदामाची नव्वी-अठ्ठी.
तडवी गप्प. मी गप्प.
मग वळण: इस्पिक दश्शी.
ढिगात नऊ. माझ्यापाशी बावीस.

सात, आठ, नऊ, दहा, रांग अर्धवट,
बदामं चार, पाचवं नाही.
म्हणजे झालेलं काहीच नाही,
होऊ शकणारं पुष्कळ.
न पाहिलेल्या शेहेचाळीस पानांत माझी पंधरा.
पाच टाकावेत?
पाच टाकले की तो पाच टाकणार,
मग तापी येणार, बहुतेक कोरडी,
आणि माझ्या सतरा वॉशरांवर
कुणाचाच विश्वास बसणार नाही.

मी बावीसच्या बावीस पुढे सरकवले.
नवासाठी बावीस!
नेहेत्याच्या हातातला वेफर वाटेतच थांबला.

तडवीने ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे नाही,
खुर्चीवरच्या डब्याकडे.
गणित त्यालाही येतं, एडविननेच शिकवलेलं:
बावीस घालून त्रेपन्न मिळवायचे
तर शंभरात बेचाळीस वेळा तरी आपण खरे असायला हवं.
पण इतकं मोठं बोलणारी बाई
एकतर पक्की असते, नाहीतर साफ पोकळ.
मधली नसते.
आणि त्याच्याकडे जे होतं ते मधलंच होतं.

बाहेरून कोळशाची मालगाडी निघाली.
अठ्ठावन्न डबे. तेवढा वेळ कुणी बोललं नाही.
माझा अंगठा मांडीखाली दाबलेला,
कारण तो खरं बोलतो.

तडवीने पानं उलटी करून टाकली,
त्याआधी राजा दाखवला, पंजी दाखवली,
मोठ्या मनाने, किंवा मला लाजवायला.
"बाई, होतं का काई?"
मी माझी दोन पानं गड्डीत सारली.

नेहेते म्हणाला, "तापी तरी बघू ना बो,
आता काय फरक पडतो."
बोटं गड्डीपर्यंत पोचलीही होती.
"राहू दे," तडवी म्हणाला.
एडविनच्या घरी न खेळलेलं पान
कधी उलटलं नव्हतं.

नऊ ओढून घेतले, बावीस परत घेतले.
एकतीस.
अजून टेबलावर सगळ्यात कमी माझेच.
नेहेत्याने पानं पिसली, फार वेळ पिसली.
मी उठून कूलरमध्ये तिसरी बादली ओतली.